बर्फीतली ‘बी’

र्फची भाषा ही मराठी मुलांनी मराठीतूनच घडवलेली चोरटी बोली आहे. तिचा नियम थोडक्यात सांगता येतो. शब्दातल्या पहिल्या व्यंजनाचा स्वर काढून घ्यायचा, त्या व्यंजनाला अ द्यायचा, पुढे ‘र्फ’ बसवायचा आणि काढून घेतलेला स्वर त्या फ ला लावायचा. ‘मी’चे ‘मर्फी’ होते, ‘तू’चे ‘तर्फू’, ‘काय’चे ‘कर्फाय’. ‘मी शाळेत जाते’ हे वाक्य ‘मर्फी शर्फाळेत जर्फाते’ असे निघते. शब्द स्वरानेच सुरू होत असेल तर अ आधी येतो आणि मूळ स्वर फ वर जातो: ‘आई’ची ‘अर्फाई’, ‘उद्या’चे ‘अर्फुद्या’. काही टोळक्यांत फक्त पहिले अक्षर फोडतात, काहींत शब्दातले एकही अक्षर सोडत नाहीत. मुंबईत गिरगावच्या वाड्यांत, लालबाग-परळच्या चाळींत, दादरच्या जुन्या इमारतींत ती पिढ्यान् पिढ्या बोलली गेली. तिच्या जोडीला ‘च’ची भाषा असते आणि शब्द उलटे म्हणण्याची उलटी भाषाही असते.

या भाषांविषयी शहाण्यासुरत्या माणसांचे मत फारसे बरे नाही. ही निरर्थक बडबड आहे, तिला स्वतःची ध्वनिव्यवस्था नाही, असे म्हटले जाते. कॉन्व्हेंटमधून आलेल्या इंग्रजी पिग लॅटिनची ती नक्कल आहे, असेही म्हटले जाते. तिने मुलांचे उच्चार बिघडतात, ही शिक्षकी तक्रार तर जुनीच. या सगळ्यांपेक्षा विद्वत्तेचा एक आक्षेप आहे. मराठी माणसाच्या कानाला अक्षर हाच ध्वनीचा अखेरचा तुकडा असतो, त्याखाली तो जाऊ शकत नाही. र्फच्या भाषेत मूल ध्वनी फोडत नाही, वहीतल्या काना-मात्रा इकडून तिकडे सरकवते, असे हा आक्षेप सांगतो. हे चारही आक्षेप या भाषेतला शब्द नीट ऐकला की ढिले पडतात.

बडबडीची ओळख अशी, की तिच्यातले पुढचे पद आधी सांगता येत नाही. र्फच्या भाषेत नेमके उलट घडते. तिच्यात कधी न बोललेला शब्द दिला, तरी दहा मुले एकच रूप सांगतील: ‘मोबाइल’चे ‘मर्फोबाइल’, ‘मेट्रो’ची ‘मर्फेट्रो’. त्याला पाठांतर लागत नाही. शिवाय नियम ध्वनीला हात लावतो, व्याकरणाला लावत नाही. ‘लालबागच्या राजाला’ हे ‘लर्फालबागच्या रर्फाजाला’ होते, तेव्हा षष्ठीचा ‘च्या’ आणि चतुर्थीचा ‘ला’ जागचे हलत नाहीत. लिंग, वचन, काळ, शब्दक्रम सारे शाबूत राहते. म्हणून ही स्वतंत्र भाषा नव्हे, हे मान्यच आहे. ती मराठीवर घातलेला बुरखा आहे. पण बुरखा कुठून फाडला आणि कुठे शिवला, याला कडक शिस्त आहे, आणि ती शिस्त ध्वनींची आहे.

बनवलेल्या भाषेला ध्वनिव्यवस्था असायची तर तिचे ध्वनी परके हवेत, हा समज सिनेमांनी पक्का केला. मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या ‘स्टार ट्रेक’पटासाठी क्लिंगॉन भाषा रचली, तेव्हा ती पृथ्वीवरची वाटू नये म्हणून ध्वनींची मुद्दाम विचित्र मोट बांधली. ‘बाहुबली’तल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी रचली, तिच्यात जीभ टाळ्यावर आपटून काढलेले आवाजही आहेत. पण परकेपणा हा ऐकणाऱ्याच्या कानावर ठरतो. क्लिंगॉनमध्ये इंग्रजी कानाला विलक्षण वाटावा म्हणून घातलेला एक ध्वनी म्हणजे आपला ड. लालबागचे शेंबडे पोरही तो दिवसातून शेकडो वेळा काढते. दुसरीकडे, लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये जगापुढे ठेवलेली एस्पेरांतो सर्व मानवजातीसाठी होती, तरी तिच्या ध्वनींत त्यांच्या घराभोवतालच्या पोलिश आणि इतर स्लाव्ह भाषांचा साचा स्पष्ट दिसतो. टोल्किन यांच्या क्वेन्यामागे फिनिश उभी आहे. भाषा कागदावर बनवली की बनवणाऱ्याची जीभ तिच्यात उतरतेच. मग चाळीतल्या पोरांनी मराठीचेच ध्वनी वापरले म्हणून त्यांच्या भाषेला ध्वनिव्यवस्था नाही, हे म्हणणे टिकत नाही. एस्पेरांतोचा साचा ज्या मापाने मोजला जातो, त्याच मापाने ‘मर्फी’ही मोजली पाहिजे.

त्या मापात पहिली गोष्ट नजरेत भरते ती र्फ या जोडाची निवड. तो आला कुठून, याचा इतिहास शोधत बसण्यात अर्थ नाही, पण तो टिकला का, हे मराठीच्या शब्दसाठ्यातून समजते. मराठीत र्फ हा जोड दुर्मिळ आहे. बर्फ, बर्फी, तर्फे, दुतर्फा, सर्फ, कर्फ्यू असे मोजके शब्द आठवतात आणि ते बहुतेक फारसी-अरबीतून किंवा इंग्रजीतून आलेले आहेत. तेव्हा भरधाव वाक्यात र्फ ऐकू आला की ऐकणारा ओळखतो, हा भर आहे, हा वजा करायचा. ‘क्त’ किंवा ‘ल्ल’ असा रोजचा जोड घेतला असता, तर खरा कुठला आणि घातलेला कुठला, हे कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागले असते. र्फ उच्चारायलाही सोपा आहे. र पहिले अक्षर बंद करतो, फ दुसरे उघडतो, जिभेला अडथळा नाही.

दुर्मिळ असला तरी तो मराठीत आहेच, आणि तिथे गंमत सुरू होते. मिठाईच्या दुकानातली ‘बर्फी’ म्हणजे र्फच्या भाषेतली ‘बी’. ‘तर्फे’ म्हणजे ‘ते’. ‘मर्फी’ हा रेडिओ घरोघरी होता, तोही या भाषेत ‘मी’ म्हणतो. खरी बर्फी मागायची तर ‘बर्फर्फी’ म्हणावे लागते आणि ऐकणाऱ्याला दोनपैकी एकच र्फ वजा करायचा असतो. या भाषेतले मूल ‘बर्फर्फी’ म्हणताना अडखळत नाही. नियम आपल्याच बनावटीशी मिळत्याजुळत्या शब्दावरही बिनचूक चालतो. बडबड असे करू शकत नाही.

जोडाक्षरांपाशी नियमाची खरी कसोटी लागते. ‘प्रकाश’ या शब्दात पहिले व्यंजन एकटे नाही. इथे दोन वाटा फुटतात: प्र ही सगळी जोडी मागे ठेवून ‘प्रर्फकाश’ म्हणायचे, की प एकटा ठेवून ‘पर्फ्रकाश’. दोन्ही उच्चारता येतात, दुसरे जरा ओढाताण करून. कुठली वाट घ्यायची ते टोळके ठरवते, आणि एकदा ठरले की ‘क्रिकेट’लाही तेच लागू. ‘कर्फ्यू’ या नेहमीच्या शब्दाचे दोन अर्थ इथेच सुटतात. पहिली वाट घेणाऱ्यांच्या लेखी तो निव्वळ संचारबंदीचा शब्द. दुसरी वाट घेणाऱ्यांच्या लेखी तो ‘क्यू’, म्हणजे रांग.

पण ‘म्हातारा’ घ्या. लिहिताना म आणि ह यांचा जोड दिसतो, तेव्हा कागदावरून इथेही दोन वाटा असायला हव्यात. तोंडात मात्र एकच आहे: ‘म्हर्फातारा’. ‘मर्फ्हातारा’ म्हणता येत नाही, कारण फ मध्ये हकार आधीच मिसळलेला आहे, त्याला दुसरा ह चिकटत नाही. मराठीचे ध्वनी मांडणाऱ्या अभ्यासकांपुढे हा जुना प्रश्न आहे: म्ह, न्ह, ल्ह हे दोन व्यंजनांचे जोड मानायचे की ख, घ, भ यांच्यासारखे एकेक व्यंजन. र्फच्या भाषेने तो सुटत नाही. मर्फ्हा बसत नाही तो म्ह एकजीव आहे म्हणून की फ अडथळा करतो म्हणून, हे या एका पुराव्यावरून ठरत नाही. पण ‘च’च्या भाषेसारख्या, फ नसलेल्या बोलीत तोच शब्द घालून पाहिला की अडथळा बाजूला होतो आणि प्रश्न उघडा पडतो. भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम रचलेल्या प्रयोगातून जे मागावे, ते चाळीतली पोरे खेळताना देत असतात.

आता अक्षराचा आक्षेप. तो पोकळ नाही. पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचे एक व्यंजन काढायला किंवा जोडायला सांगितले तेव्हा त्यांना ते जमेना, शिकलेल्यांना जमले. जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९७९ चा. पुढे १९८६ मध्ये चार्ल्स रीड आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये हेच पाहिले: फक्त चिनी लिपी येणाऱ्यांना व्यंजन सुटे करता येईना, रोमन अक्षरांतली पिनयिन शिकलेल्यांना येत होते. यावरून असे अनुमान काढले जाते की ध्वनी सुटे करणे हे लिपीचे देणे आहे. देवनागरीत का, कि, की, कु एकेका घासात लिहिले जातात, तेव्हा मराठी मूल अक्षराखाली जाणारच नाही, फार तर मात्रा सरकवेल.

‘किती’ हा शब्द या आक्षेपाला पुरेसा आहे. कागदावर वेलांटी क च्या आधी येते. मूल डोळ्यांनी मात्रा सरकवत असते, तर आधी दिसलेली खूण आधी गेली असती. पण ते ‘कर्फिती’ म्हणते: आधी क, मग र्फ, मग इ. क्रम कानाचा आहे, कागदाचा नाही. तसेच ‘इकडे’. इथे इ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याचा आकार वेलांटीशी कुठेच जुळत नाही. तरी ‘अर्फिकडे’ म्हणताना तो इ सहज फ वर जाऊन बसतो. ‘मला’ या शब्दात तर सरकवायला मात्राच नाही. म मधला अ कागदावर दिसतच नाही. तरी ‘मर्फला’ होते आणि त्यातल्या फ मध्ये तो न दिसणारा अ ऐकू येतो. मात्रेच्या सिद्धान्ताला या तिन्ही शब्दांसाठी तीन वेगवेगळी स्पष्टीकरणे जुळवावी लागतील. ध्वनीच्या सिद्धान्ताला एकच पुरते.

बाराखडीचे श्रेय मात्र नाकारू नये. महापालिकेच्या शाळेत भिंतीवर टांगलेला तो तक्ता, आडव्या ओळीत स्वर आणि उभ्या ओळीत व्यंजने, मुलाला हेच शिकवतो की क आणि आ या दोन वस्तू आहेत, त्यांचा मेळ म्हणजे का. शालेय व्याकरणही पाय मोडलेल्या व्यंजनाला वर्ण म्हणते आणि स्वर मिळाला की अक्षर. म्हणजे अक्षर अभंग आहे हे मत आपल्या परंपरेचे नव्हेच. परंपरा पहिल्या इयत्तेपासून त्याचे दोन तुकडे दाखवत आली. आक्षेप घेणाऱ्यांनी लिपी पाहिली, पण ती शिकवतात कशी, ते पाहिले नाही.

आणि चीनकडे बोट दाखवणाऱ्यांनी चीनचाच दुसरा पुरावा विसरू नये. युएन रेन चाओ या भाषाशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये चीनमधल्या आठ गुप्त बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बोली अक्षराचे आरंभीचे व्यंजन आणि उरलेला भाग यांची फारकत करून दोहोंच्या मध्ये दुसरे ध्वनी घालतात, म्हणजे जवळपास र्फचीच पद्धत. चिनी लिपीत तर ध्वनीच्या तुकड्यांना जागाच नाही. मग ही फारकत लिपीने शिकवली, असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत अनोळखी माणसासमोर ‘यातले पहिले व्यंजन काढा’ ही मागणी वेगळी आणि खेळगड्यांत चार दिवस ऐकून उचललेला नियम वेगळा. पहिल्यात जे जमत नाही ते दुसऱ्यात जमू शकते. र्फच्या भाषेतून किती सिद्ध होते, याची मर्यादाही सांगायला हवी: ती अक्षर फोडते ते एकाच सांध्यावर, व्यंजन आणि त्यापुढचा स्वर यांच्यामध्ये. मूल प्रत्येक ध्वनी सुटा मोजते, असे तिच्यावरून म्हणता येणार नाही. अक्षराच्या खाली त्याला उतरताच येत नाही, हे म्हणणे मात्र नक्की खोटे ठरते.

अक्षरवाद्यांना खरा आधार मिळतो तो उलट्या भाषेत. तिथे अक्षरे अखंड राहतात आणि त्यांचा क्रम उलटतो. ‘लालबाग’चे ‘गबालला’, ‘गिरगाव’चे ‘वगारगि’. हे बोलणे कागदावरच बसते, हे उच्चारावरून कळते: ‘लालबाग’ म्हणताना शेवटच्या ग मधला अ कुणी उच्चारत नाही, उलटताना मात्र तो जिवंत होतो. म्हणजे उलटणारा उच्चार नव्हे, लिखाण उलटतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. ‘परळ’ उलटा केला की ‘ळरप’ होतो आणि मराठीत एकही शब्द ळ ने सुरू होत नाही. ण चीही तीच गत. जीभ अडते, मुले हसतात, खेळ तेवढ्यावर थांबतो. उलट्या भाषेत दोनचार शब्द टाकता येतात, पण दुपारभर भांडता येत नाही. र्फची भाषा ‘पर्फरळ’ म्हणून पुढे जाते, कारण तिच्या नियमाने ळ कधीच शब्दाच्या तोंडाशी येत नाही. मराठीत जिथे जो ध्वनी चालत नाही, तिथे तो पडू नये याची काळजी हा नियम आपसूक घेतो. अक्षराच्या पातळीवर खेळणारी भाषा मागे पडली आणि त्याखाली उतरणारी भाषा सर्रास झाली, यामागे हेच कारण दिसते.

‘च’ची भाषा या दोहोंच्या मध्ये आहे. तिचे नियम वाडीगणिक बदलतात. कुठे प्रत्येक शब्दाआधी नुसता च लावतात. एका प्रकारात पहिले व्यंजन शेवटी जाते आणि त्याच्या जागी च येऊन मूळ स्वर घेतो: ‘मला’चे ‘चलाम’, ‘काय’चे ‘चायक’, ‘तुला’चे ‘चुलात’. शेवटी गेलेले व्यंजन स्वराशिवाय, ‘चलाम्’सारखे म्हटले जाते, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ गळतो आणि तो नियम बनवलेल्या शब्दालाही सुटत नाही. या भाषेची कमकुवत जागा उघड आहे. च ने सुरू होणारा शब्द तिच्यात लपत नाही: ‘चहा’चे ‘चहाच’ होते आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला वाटते, पोरगी फक्त चहाच मागते आहे.

पण तिच्यात एक अशी गोष्ट आहे की तिच्यासाठी सारे ध्वनिशास्त्र उघडून बसावे. मराठीत च दोन आहेत: चहातला तालव्य आणि चाकातला दंतमूलीय. लिपीत दोघांना एकच चिन्ह. ‘घराचा’ म्हणताना दंतमूलीय येतो, ‘घराची’ म्हणताना तालव्य, कारण इ आणि ए यांच्या आधी अस्सल मराठी शब्दांत दंतमूलीय च बसत नाही. ज्यूल ब्लोख यांच्या मराठीवरच्या ग्रंथापासून अशोक केळकरांच्या ध्वनिविवेचनापर्यंत या जोडीची चर्चा झाली आहे. आता ‘मी’ला च च्या भाषेत घातले की ‘चीम’ होते, आणि इथे च तालव्यच यावा लागतो. हा नियम कुठल्या खेळगड्याने दुसऱ्याला समजावलेला नसतो, पाठ्यपुस्तकात तर तो नाहीच. मूल ‘च लाव’ एवढेच ऐकते; कुठला च, हे त्याच्या जिभेतली मराठी ठरवते. तेव्हा उच्चार बिघडतात ही तक्रार उलटी वाचायला हवी: ज्याची मराठी पक्की नाही, त्याला या भाषा बोलताच येत नाहीत.

लालबाग-परळच्या गिरणगावात र्फची भाषा आणखी एका कसोटीतून जाते. तिथली कितीतरी घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची, आणि मुलांच्या तोंडी घरची मालवणी, शाळेची मराठी अशा दोन्ही. मालवणीत ‘खंय जातस’ विचारले की त्यातला ‘खंय’ नाकातून येतो. र्फच्या नियमाने तो ‘खर्फंय’ होतो: नाकातला सूर ख सोडून फ बरोबर जातो, कारण तो स्वराचा गुण आहे, व्यंजनाचा नाही. मराठीतला नियम मालवणीत तसाच चालला, नवा काही करावा लागला नाही. ज्या बोलीत अनुस्वार नुसता लिहिण्यापुरता नसून बोलण्यात खरोखर जिवंत आहे, तिथे खेळानेही तो जिवंत धरला.

इंग्रजी नकलेचा आरोप सर्वांत हलका, तरी सर्वांत लोकप्रिय. पिग लॅटिन पहिले व्यंजन शेवटी नेऊन त्याला ‘ए’ जोडते. र्फची भाषा मधे घुसते, तेव्हा दोघींचा नियमच वेगळा. मधे घुसण्याची पद्धत हवी तर ती फ्रान्समध्ये सापडते: एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या ‘जावाने’ बोलीत व्यंजन आणि स्वर यांच्यामध्ये ‘आव’ घालत, ‘बोंजूर’चे ‘बावोंजावूर’ करत. स्पॅनिश मुले ‘कासा’चे ‘कापासापा’ करतात. पॅरिसचे पोर आणि गिरगावचे पोर यांची गाठ कुठे पडली, हे सांगण्याचा प्रयत्नही कुणी करत नाही. अक्षराला एकच सोयीचा सांधा असतो आणि मुले तो शोधतातच, एवढे मानले की पुरते. आणि आपल्याकडे गुप्त बोलण्याची परंपरा नव्हती, असेही नाही. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तल्या ६४ कलांत म्लेच्छितविकल्प आहे, आणि त्यावरच्या यशोधराच्या टीकेत वर्णांच्या जोड्या ठरवून एकाच्या जागी दुसरा घालण्याची मूलदेवीय पद्धत दिली आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत ठेवले आणि वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली शोधेपर्यंत ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. व्यापाऱ्यांची नंदभाषा आकड्यांना वेगळी नावे देते. मात्र या कुळाशी र्फचे नाते दुरूनच लावावे. महानुभावांची लिपी कागदासाठी आहे, मोठ्याने म्हणायची नाही. नंदभाषेत शब्द बदलतो, ध्वनी तसेच राहतात. चाळीतल्या मुलांनी शब्द तसाच ठेवून ध्वनीच्या आत हात घातला, आणि तो बोलण्याच्या वेगात.

वेगाचा मुद्दा चाळीशी बांधलेला आहे. बीडीडी चाळी १९२० नंतर उभ्या राहिल्या: मधे लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, तळमजल्यासकट चार मजल्यांवर मिळून ८० बिऱ्हाडे. गिरगावात लाकडी गॅलरी, सगळ्यांची सामाईक. आत आजी, बाहेर शेजारीण, जिन्यात भाऊ. एकांताला जागा नव्हती, तेव्हा तो बोलण्यातच करावा लागला. यावर शेवटचा आक्षेप येतो तो असा: ही कसली गुप्त भाषा, जी आईलाही येते? येत असे, हे खरे. तिनेही लहानपणी ती बोललेली असे. पण नियम माहीत असणे आणि वेगाने चाललेल्या वाक्यातून र्फ वजा करत जाणे या दोन गोष्टी आहेत. भाजी चिरता चिरता, नळाकडे लक्ष ठेवून, गॅलरीच्या टोकाला दोन पोरींचे काय चालले आहे, हे पकडायला आईला काम थांबवून कान द्यावा लागे, आणि ती थांबली की पोरींना कळे. तशी वेळ आलीच तर पोरी र्फ टाकून दुसरा जोड घेत किंवा प्रत्येक अक्षर फोडू लागत. नियम तोच, फक्त घातलेला ध्वनी नवा. जुन्या ध्वनीला सरावलेल्या कानाला तो वजा करायला पुन्हा काही दिवस लागत.